चिठ्ठी आणि कार्ड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि 'माझं काम' हा विषय दिला आहे. सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातोय, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस हे माहीत आहे, पण नेमकं करतोस काय?" एकाने तर दुकानातला प्रिंटर बघून देशील का म्हणून विचारलं. प्रिंटर मला दुरुस्त करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे येतं त्यातलं एकच छोटं काम आज सांगणार आहे. इतकं छोटं की रोज प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. त्या कामाच्या नादात मला १९९३ च्या उन्हाळ्यातला एक हिशेब आठवला. तो मी इतकी वर्षं कुणाला सांगितला नव्हता, तोही आज सांगणार आहे. गणिताचे सर समोरच बसले आहेत, तेव्हा नुसतं उत्तर सांगून चालणार नाही, रीतही सांगावी लागेल.

तुम्ही मोबाइलवर सातबारा बघता, रेल्वेचं तिकीट काढता, मुलांचा निकाल बघता. त्या पानामागे बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट नावाची भाषा चालत असते. ती माणसं लिहितात, पण यंत्राला ती थेट कळत नाही. ती वाचून, अर्थ लावून, यंत्राकडून काम करून घेणारा एक प्रोग्राम ब्राउझरच्या पोटात असतो. त्याला इंजिन म्हणतात. क्रोममध्ये व्ही-एट नावाचं इंजिन आहे, फायरफॉक्समध्ये स्पायडरमंकी, सफारीत जावास्क्रिप्टकोअर. मी ज्यावर काम करतो ते या तीन मोठ्यांपैकी नाही. ते लहान आहे. कमी मेमरीच्या उपकरणांत मावावं म्हणून आम्ही काही जण मिळून ते लिहितो.

ही भाषा १९९५ च्या मे महिन्यात जन्मली. अमेरिकेत नेटस्केप नावाची कंपनी होती. तिथे ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. दहा दिवसांत! आपण तेव्हा नववीची परीक्षा देऊन सुट्टीत होतो आणि आपल्यातले निम्मे जण जंगलात तेंदूपानं तोडत होते. पुढे १९९७ मध्ये एक्मा नावाच्या संस्थेने तिचे नियम छापले. त्या नियमांची पुस्तिका आता दरवर्षी सुधारून निघते, पण एक पथ्य पाळलं जातं. जुनी पानं बिघडतील असा बदल शक्यतो करायचा नाही. त्यामुळे त्या दहा दिवसांत जे ठरलं, चांगलं आणि वाईट, ते अजून तसंच आहे. पहिलीत गुरुजींनी रजिस्टरला लावलेली जन्मतारीख जशी आयुष्यभर चिकटते, तसं. आपल्या वर्गात १ जुलैला जन्मलेले किती जण होते ते आठवा.

त्या दहा दिवसांत ठरलेली एक गोष्ट अशी, की या भाषेत दोन जातीच्या वस्तू आहेत. एक जात साध्या मूल्यांची. ५ हा आकडा, 'चंद्रपूर' हा शब्द, हो किंवा नाही. यांना प्रिमिटिव्ह म्हणतात. शब्दाला यंत्राच्या भाषेत स्ट्रिंग म्हणतात. दुसरी जात ऑब्जेक्टची. ऑब्जेक्ट म्हणजे कप्पे असलेलं कपाट समजा. प्रत्येक कप्प्याला नाव असतं, त्यात काहीतरी ठेवता येतं, नंतर काढता येतं. साध्या मूल्याला कप्पे नसतात. ते फक्त असतं. तेंदूचा पुडा असतो ना, सत्तर पानं, सालीच्या दोरीने बांधलेली? पुडा म्हणजे पुडा. त्याच्यावर नाव, तारीख लिहायला जागा नसते. लिहायचं असेल तर वेगळा कागद लागतो.

ही भाषा दिसायला जावासारखी हवी, असा त्या वेळी वरून आग्रह होता. जावा ही त्या काळात गाजत असलेली दुसरी भाषा. तिच्यात मूल्यं आणि ऑब्जेक्ट असा भेद होता, तो इकडेही आला. पण लोकांना मूल्यांनाही प्रश्न विचारायचे असतात. 'चंद्रपूर' या शब्दाची लांबी किती? यातलं पहिलं अक्षर कोणतं? ज्याला कप्पेच नाहीत त्याने उत्तर द्यायचं कसं?

तर यावर काढलेला उपाय म्हणजे रॅपर ऑब्जेक्ट. मराठीत वेष्टन म्हणू. तुम्ही मूल्याला प्रश्न विचारला की त्या क्षणापुरतं त्याच्याभोवती एक वेष्टन येतं. वेष्टन हे ऑब्जेक्ट आहे, मूल्य त्याच्या आत असतं. वेष्टन उत्तर देतं आणि काम झालं की टाकून दिलं जातं. मूल्य होतं तसंच राहतं. आकड्याचं वेष्टन वेगळं, शब्दाचं वेगळं, हो-नाहीचं वेगळं. पुढे २०१५ मध्ये सिम्बॉल आणि २०२० मध्ये बिगइंट अशी दोन मूल्यं भाषेत आली, त्यांचीही वेष्टनं आली. दोनच मूल्यं अशी आहेत की ज्यांना वेष्टन नाही, नल आणि अनडिफाइन्ड. म्हणजे 'काही नाही' आणि 'ठरलेलं नाही'. त्यांना प्रश्न विचारला की यंत्र तिथेच थांबतं आणि चूक म्हणून ओरडतं.

मराठीच्या बाईंसाठी एक गंमत सांगतो. 'चंद्रपूर' या शब्दाच्या वेष्टनाला लांबी विचारली तर उत्तर येतं ८. 'गडचिरोली'ला विचारली तरी ८. बाई म्हणतील, चं-द्र-पू-र, चार अक्षरं. ग-ड-चि-रो-ली, पाच. हे आठ आले कुठून? यंत्र अक्षरं मोजत नाही, संकेत मोजतं. च, अनुस्वार, द, हलन्ताची खूण, र, प, दीर्घ ऊकार, र. झाले आठ. म्हणून 'चंद्रपूर'चं दुसरं अक्षर मागितलं तर 'द्र' मिळत नाही, नुसता अनुस्वार मिळतो, टेकायला अक्षर नसलेला. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, पण यंत्राच्या मापात दोघं अजून बरोबरीत आहेत. अक्षरांप्रमाणे शब्द तोडायची वेगळी सोय आता भाषेत आहे. पण आपलं जोडाक्षर न तोडता एकत्र ठेवायचा सर्वसाधारण नियम युनिकोडमध्ये आला तो २०२३ मध्ये. लांबीचं उत्तर मात्र आठच राहिलं. जुनी पानं बिघडायला नकोत.

आता माझं काम. वेष्टन इंजिनात बांधायचं कसं?

पहिली गोष्ट, वेष्टनाच्या आत मूल्य ठेवायला एक गुप्त जागा लागते. ती साधा कप्पा असून चालत नाही, नाहीतर बाहेरचा कुणीही उघडून आतलं मूल्य बदलेल. म्हणून ती जागा फक्त इंजिनाला दिसते. दुसरी गोष्ट, शब्दाचं वेष्टन जरा निराळं असतं. त्याला लांबी हा कप्पा असतो आणि प्रत्येक संकेताचा, शून्यापासून मोजलेला, एकेक कप्पा असतो. ते सगळे वाचता येतात, बदलता येत नाहीत. पण हे कप्पे खरोखर बनवत बसलो तर हजार संकेतांच्या शब्दाला हजार कप्पे होतील. म्हणून ते बनवायचेच नाहीत. कुणी सातवा कप्पा मागितला की आतल्या शब्दातला त्या जागेचा संकेत काढून द्यायचा. मागणाऱ्याला वाटतं, कप्पा होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वेष्टनसुद्धा शक्यतो बनवायचंच नाही. समजा एका वेष्टनाला चाळीस बाइट लागतात. एखाद्या प्रोग्रामने शब्दाला लाखभर वेळा प्रश्न विचारला तर चाळीस लाख बाइटचा कचरा होईल आणि तो झाडायलाही वेळ जाईल. लहान उपकरणात तेवढी जागाच नसते. म्हणून इंजिन एक आडवाट घेतं. स्ट्रिंगला प्रश्न आला की स्ट्रिंगांच्या सामाईक कपाटात, ज्याला प्रोटोटाइप म्हणतात, थेट जायचं, उत्तर देणारी क्रिया तिथून उचलायची आणि तिला मूळ मूल्यच द्यायचं. वेष्टन न बनवता, बनवल्यासारखं वागायचं.

ही आडवाट नेहमी चालत नाही. क्रिया जुन्या पद्धतीने लिहिलेली असेल तर तिला मूल्य उघडं देता येत नाही, वेष्टन खरोखर बनवून द्यावं लागतं. २००९ मध्ये नियमांची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात 'स्ट्रिक्ट मोड' नावाची शिस्तीची पद्धत आली. त्या पद्धतीने लिहिलेल्या क्रियेला मात्र उघडं मूल्यच द्यायचं. म्हणजे प्रत्येक क्रियेच्या कपाळावर ती जुनी की शिस्तीची, याचा शिक्का इंजिनाला मारून ठेवावा लागतो.

आणि कुणी स्वतःहून वेष्टन बनवून जवळ ठेवलं तर काय गमती होतात, तेही सांगतो. 'नाही' या मूल्याचं वेष्टन बनवा आणि यंत्राला विचारा, हे हो की नाही? यंत्र म्हणतं, हो. कारण आत काय आहे ते त्याने बघितलंच नाही. कपाट आहे ना, मग हो. ५ ची दोन वेष्टनं बनवा आणि विचारा, सारखी आहेत का? नाही. दोन वेगळी कपाटं आहेत. म्हणून अनुभवी माणसं सांगतात, वेष्टन हाताने बनवू नका. ते क्षणापुरतंच बरं.

इथपर्यंत सगळं मी बांधलं. माझ्या चाचण्या पास झाल्या. मी खूश होतो.

आता खरी गोष्ट. आतापर्यंत आपण मूल्याला प्रश्न विचारत होतो. पण कुणी मूल्यावर लिहायला गेलं तर? 'चंद्रपूर' या शब्दाला कुणी सांगितलं, तुझ्या 'नोंद' नावाच्या कप्प्यात ७ ठेव. शब्दाला कप्पे नाहीत. बोलताना आम्ही असं सांगतो, की त्या क्षणाच्या वेष्टनावर लिहिलं गेलं आणि वेष्टन फेकलं गेलं. नियमाच्या पुस्तकात जरा वेगळं आहे. तिथे लिहिणं नाकारलं जातं. पण जुन्या पद्धतीत तो नकार कुणाला सांगितला जात नाही. यंत्र गप्प बसतं. उलट ठेवल्यासारखं ७ हे उत्तर परत देतं. पुढच्या ओळीला विचारा, 'नोंद' कुठे आहे? उत्तर येतं, अनडिफाइन्ड.

शिस्तीच्या पद्धतीत तसं चालत नाही. नकार मिळाला की यंत्राने टाइपएरर म्हणून ओरडलंच पाहिजे आणि काम थांबवलं पाहिजे.

मी काय केलं होतं? एक ओळ लिहिली होती. 'लिहायचं ठिकाण साधं मूल्य असेल तर काही करू नये, परत फिरावं.' वेगवान होती, छोटी होती, आणि दोन ठिकाणी चुकीची होती. एक, शिस्तीच्या पद्धतीत ओरडायचं ते ती ओरडत नव्हती. दोन, त्या सामाईक कपाटात कुणी 'नोंद' या नावाने लिहिणं हाताळणारी क्रिया ठेवली असेल, तिला सेटर म्हणतात, तर नियमाने ती बोलावली गेली पाहिजे. मी कपाटापर्यंत जातच नव्हतो.

जावास्क्रिप्टच्या इंजिनांसाठी टेस्ट२६२ नावाचा चाचण्यांचा सार्वजनिक संच आहे, हजारो चाचण्यांचा. कुणाचंही इंजिन त्याला लावून बघता येतं. माझ्या इंजिनात या बाबतीतल्या तीन चाचण्या नापास दिसत होत्या. मी विचार केला, शब्दावर कप्पा लिहायला जातं कोण? आमच्याकडे 'सध्या वगळा' अशी एक यादी असते. नापास चाचणीचं नाव त्या यादीत टाकलं की ती चालतच नाही आणि निकालपत्र हिरवं दिसतं. दोन नावं टाकली. तिसरं टाकताना हात थांबला. चाचणीत काय तपासलंय ते नीट वाचलं. अर्थ एवढाच होता: लिहिलं गेलं नाही, तर 'लिहिलं' असं भासवू नकोस.

मित्रांनो, मला १९९३ चा मे आठवला.

सातवीची परीक्षा झाली होती. माझं गाव सावली तालुक्यातलं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. पहाटे घरोघरची माणसं जंगलात जायची, दहा-अकरापर्यंत पानं घेऊन परतायची, दुपारभर ओसरीत पुडे बांधायची आणि संध्याकाळी फळीवर न्यायची. गडचिरोलीकडच्या मित्रांना फळी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, पुडे मोजून घ्यायची आणि वाळत घालायची मोकळी जागा. तिथे ठेकेदाराचा दिवाणजी असायचा. प्रत्येक घराला एक कार्ड. रोजचे पुडे मोजायचे आणि कार्डावर चढवायचे. हंगाम संपला की कार्डावरच्या बेरजेप्रमाणे पैसे.

माझी बेरीज चांगली होती आणि अक्षर बरं होतं, म्हणून दिवाणजीने मला हाताशी घेतलं. मी बारा-तेरा वर्षांचा. कानामागे पेन लावून बसायचो. आयाबाया मला 'बाबू' म्हणायच्या. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या मावशी एकट्या होत्या. एकदा त्यांचं कार्ड पावसाच्या सरीत भिजलं, ते त्यांनी घरी चुलीजवळ वाळत घातलं होतं. दोन संध्याकाळी त्या कार्डाशिवाय आल्या. दिवाणजी मला म्हणाला, चिठ्ठीवर लिहून ठेव, कार्ड आणलं की चढव. मी वहीचा कोपरा फाडला, आकडा लिहिला, खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीवर खाली दुसरा आकडा. मावशींनी विचारलं, "लिवलास का गा बाबू?" मी म्हटलं, "लिवलो."

खोटं नव्हतं. लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पाहुणे आले, मी फळीवर गेलो नाही. आईने शर्ट धुवायला नेला. चिठ्ठी खिशात होती. चौथ्या दिवशी खिशात कागदाचा लगदा सापडला तेव्हा मला सगळं कळलं. आकडे मला आठवत नव्हते. दिवाणजीला सांगायची भीती वाटली. मावशींना सांगायची लाज वाटली. मी काहीच बोललो नाही. मनात म्हटलं, होईल काहीतरी.

पैसे वाटायच्या दिवशी मावशींना कमी पैसे मिळाले. त्या म्हणाल्या, दोन दिवस कमी आहेत. दिवाणजीने कार्ड समोर धरलं आणि म्हणाला, कार्डावर नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो. त्या पैसे घेऊन निघून गेल्या. पुढे आठवीला मी इथे वसतिगृहात आलो, तेव्हा निघताना त्यांनी माझ्या हातात दोन रुपये ठेवले. ते घेताना माझं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

माझ्या इंजिनातल्या त्या ओळीने हेच तर केलं होतं. कुणीतरी नोंद द्यायला येतं, यंत्र म्हणतं लिहिलं, आणि नोंद कुठेच नसते. नुकसान लिहिणाऱ्याला कळत नाही. ज्याची नोंद असते त्याला कळतं, तेही शेवटच्या दिवशी, जेव्हा काही करता येत नाही.

मी यादीतली दोन्ही नावं काढली आणि ती ओळ खोडली. मग नियमाच्या पुस्तकातल्या पायऱ्या एकेक करून उतरवल्या. मूल्याच्या जातीवरून सामाईक कपाट शोधायचं. त्या कपाटात, आणि त्याच्या वरच्या कपाटात, त्या नावाचा सेटर आहे का ते बघायचं. असेल तर त्याला बोलवायचं. नसेल तर लिहिणं नाकारायचं. आणि नाकारल्यावर, लिहिणारा शिस्तीच्या पद्धतीतला असेल तर टाइपएरर द्यायचा. जुन्या पद्धतीतला असेल तर गप्प बसायचं, कारण जुनी पानं बिघडवता येत नाहीत. एका ओळीच्या जागी तीस-एक ओळी झाल्या. थोडा वेग गेला. वाचण्याची आडवाट ठेवली, लिहिण्याची बंद केली. वाचताना वेष्टन नाही बनवलं तर कुणाचं नुकसान होत नाही. लिहिताना नकार लपवला तर होतं. माझ्या कामातला हा सगळ्यात मोठा धडा आहे आणि तो मला पुस्तकात मिळाला नाही.

चाचण्या पास झाल्या. पण चिठ्ठीचं काय?

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मावशींकडे गेलो. आता खूप थकल्यात, पण कान चांगले आहेत. अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, शर्ट, जमिनीकडे बघणं, सगळं. त्या मध्येच म्हणाल्या, "दोनशे साठ होते."

मला कळेना. त्या म्हणाल्या, त्या रोज पुडे मोजून सुतळीला गाठी मारायच्या. वीस पुड्यांना एक गाठ. त्या दोन दिवसांच्या तेरा गाठी होत्या. मी विचारलं, मग तेव्हा सुतळी का नाही दाखवली? त्या म्हणाल्या, "तू लिवलो म्हनलास ना गा. म्हून गाठी सोडल्या."

एवढंच. रागावल्या नाहीत. रडल्याही नाहीत. मी खिशातून पाकीट काढलं. मला वाटलं होतं नको म्हणतील. त्यांनी नको म्हटलं नाही. त्या वर्षीचा शेकड्याचा दर त्यांना पाठ होता. हिशेब त्यांनी केला, मी फक्त पैसे काढले. मी जास्त देऊ लागलो तर जास्तीचे परत केले. मोजून घेतले, पदराला बांधले आणि चहा ठेवायला सांगितला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो आकडा हरवला. तो हरवला नव्हता. तो मावशींजवळ होता, कागदाशिवाय, कार्डाशिवाय. आम्ही लिहिणाऱ्यांनी 'लिहिलं' म्हटलं, म्हणून त्यांनी स्वतःच्या गाठी सोडल्या. माझी चूक फक्त चिठ्ठी हरवण्याची नव्हती. माझ्या 'लिवलो'वर विश्वास ठेवून एका माणसाने आपला पक्का हिशेब मोडला होता.

आपल्यातले कितीतरी जण आज लिहिणारे आहेत. कुणी तलाठी आहे, कुणी ग्रामसेवक, कुणी बँकेत आहे, कुणी सेतू केंद्र चालवतं, बरेच जण शिक्षक आहेत. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात, हिशेब स्वतः ठेवतात. आपल्या वर्गातले दोघं त्या कामात आहेत हे आजच कळलं, फार बरं वाटलं. आता पुष्कळ नोंदी मोबाइलवर होतात आणि पडद्यावर हिरवी खूण येते. ती खूण माझ्यासारखे लोक बनवतात. म्हणून तुम्हाला हात जोडून एक सांगतो. नोंद झाली नसेल तर झाली म्हणू नका. 'नाही झाली' हे त्याच वेळी, त्याच माणसाला, मोठ्याने सांगा. आणि समोरच्याजवळ सुतळीला गाठी असतील तर कार्डावर चढल्याशिवाय त्याला त्या सोडू देऊ नका.

वसतिगृहात मला ताटभर जेवण, फळाभर खडू आणि मार खाण्याची सवय या शाळेने दिली. गणिताचे सर पेपर तपासताना म्हणायचे, उत्तराला एक गुण, रीतीला तीन. उत्तर आलं आणि रीत नसली की लाल शाईने गोल करायचे. तेव्हा राग यायचा.

सर, रीत सगळी सांगितली आहे. उत्तर दोनशे साठ. तपासून घ्या.